वीज गेली नि फोन गप्प!

बालमित्रांनो, फोन कधी रुसतो का हो? माझ्या भाच्याची तर तशी खात्रीच पटली होती. त्याचीच ही गोष्ट.

माझी ताई दांडीला राहते. दांडी म्हणजे पालघर जिल्ह्यातलं, तारापूरजवळचं समुद्रकाठचं गाव. भावोजी मासेमारीला बोटीवर जातात. ताई बोईसरला एका कारखान्यात कामाला जाते. तिथे फोन वाजलेला चालत नाही. घरी आल्यावर मात्र तो खणखणीत वाजायलाच हवा. कारण बोट किनाऱ्याजवळ आली, रेंज मिळाली, की भावोजींचा फोन येतो, "आलो गं. बर्फ नि टेम्पो सांगून ठेव." बर्फाला उशीर झाला की मासळी नरम पडते आणि भावही पडतो.

ताई घरी येऊन फोनचा आवाज वाढवायला हमखास विसरायची. म्हणून नववीतल्या आमच्या भाच्याने तिच्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. आपण कुठे आहोत, किती वाजले आहेत हे पाहून फोनच्या सेटिंग आपोआप बदलणारं. अशी ॲप काही आजची नाहीत, बरं का! २००८ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी 'लोकेल' नावाचं असंच ॲप बनवून गूगलच्या स्पर्धेत बक्षीस मिळवलं होतं. पुढे 'टास्कर', 'मॅक्रोड्रॉइड' अशी कितीतरी आली. सगळ्यांचा मंत्र एकच: जर अमुक झालं, तर तमुक कर.

भाच्याचा नियम असा होता: 'जर फोन घरच्या वाय-फायला जोडलेला असेल, तर आवाज पूर्ण. नाहीतर फोन मुका.' आठ दिवस काम अगदी झकास चाललं. भाच्याची कॉलर ताठ!

आणि एका संध्याकाळी घोटाळा झाला. भावोजींनी पाच वेळा फोन केला. ताई घरातच होती, फोन फळीवर होता. एकदाही वाजला नाही. बर्फ पोचेपर्यंत व्हायचं ते नुकसान झालं. भावोजी एका शब्दानेही रागावले नाहीत. भाच्याला तेच जास्त लागलं.

"मामा, हे ॲपच भंगार आहे. काढून टाकू?" त्याने मला विचारलं.

"काढ की खुशाल! पण फोन गप्प का बसला ते आधी शोध. नाहीतर दुसरं ॲपही तसंच वागेल."

मग आम्ही एक वही घेतली. पहिला प्रश्न लिहिला: 'त्या संध्याकाळी रोजच्यापेक्षा वेगळं काय होतं?' भाचा डोकं खाजवत बसला. ताईच आतून म्हणाली, "अरे, लाईट नव्हती ना तेव्हा!"

सापडला धागा! लाईट गेली म्हणजे वाय-फायचा राउटर बंद. राउटर बंद म्हणजे फोनच्या दृष्टीने ताई घरी नाहीच! खात्री करायला भाच्याने राउटरचा प्लग काढला. फोन तिथल्या तिथे मुका झाला. म्हणजे ॲप बिचारं सांगितलेलं काम इमानदारीने करत होतं. मित्रांनो, फोनला 'घर' कळत नाही. आपण दिलेली खूण तेवढी कळते.

"मग खूण बदलतो," भाचा म्हणाला. त्याने नकाशावर घराभोवती पन्नास मीटरचं वर्तुळ काढलं. फोन वर्तुळात आला की आवाज मोठा. पण दुसऱ्या दिवशी फोन कधी वाजे, कधी नाही. असं का? उपग्रहांचे संकेत छपराखाली क्षीण होतात. मग फोन आसपासची वाय-फाय आणि मोबाईलचे मनोरे यांवरून जागेचा अंदाज बांधतो. शहरात वाय-फायची दाटी असते, म्हणून चूक थोडी, साधारण वीस ते पन्नास मीटर. खेड्यात हाच अंदाज शेकडो मीटर, कधी काही किलोमीटरही चुकू शकतो. पन्नास मीटरचं वर्तुळ कसं पुरणार? भाच्याने ते पाचशे मीटर केलं. आता फोन वाजू लागला.

वाजू लागला, पण ताई घरी आल्यावर अर्ध्या तासाने! ही तिसरी भानगड. बॅटरी वाचावी म्हणून फोन मागे चालणाऱ्या ॲपना डुलकी घ्यायला लावतो. २०१७ साली आलेल्या अँड्रॉइड ८ पासून तर अशा ॲपना जागेची ताजी माहिती तासातून थोड्याच वेळा मिळते. भाच्याने बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन या ॲपवरचं बंधन काढलं. उशीर कमी झाला, पण पुरता गेला नाही.

"मामा, एक दुरुस्त केलं की दुसरं निघतंच!"

तेव्हा मी त्याला म्हटलं, "बोईसरला आगगाडी पाहतोस ना? तिच्या डब्यांच्या ब्रेकची हवेची नळी तुटली तर काय होतं?"

"ब्रेक लागत नसेल."

"उलट! ब्रेक आपोआप लागतो. नळीतल्या हवेच्या दाबाने ब्रेक सुटलेला राहतो. दाब गेला की गाडी थांबते. तुमच्या शेजारच्या तारापूर अणुवीज केंद्राचंच पाहा. तिथल्या तीन आणि चार क्रमांकाच्या अणुभट्ट्या बंद करायला काही दांडे वर धरून ठेवलेले असतात, विजेच्या चुंबकाच्या पकडीने. वीज गेली की पकड सुटते आणि दांडे स्वतःच्या वजनाने खाली पडतात. यंत्र बिघडणारच. पण बिघडलं तर कोणत्या बाजूला बिघडावं, हे आधी ठरवता येतं."

भाचा क्षणभर गप्प राहिला. मग ओरडलाच, "म्हणजे माझा नियमच उलटा होता!"

बरोबर! त्याच्या नियमात खूण हरवली की फोन मुका होत होता. त्याने नियम फिरवला: 'फोन नेहमी मोठ्याने वाजेल. फक्त कामाच्या वेळेत, कारखान्याच्या वर्तुळात तो शांत राहील.' आता खूण हरवली तर फोन वाजेल. फार तर कारखान्यात एखाद्या वेळी बोलणी खावी लागतील.

पण बोट तर भरतीप्रमाणे येणार, आणि भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. बोट नेमकी कामाच्या वेळेत आली तर? त्यासाठी भाच्याने 'सायलेंट'ऐवजी 'डू नॉट डिस्टर्ब' वापरलं आणि भावोजींच्या नंबरला त्यातून सूट दिली. ताईने मुकादमांना तसं सांगूनही ठेवलं. हे शेवटचं काम कोणत्याच ॲपला जमलं नसतं, हं!

परवा पुन्हा लाईट गेली होती. अंधारात फोन खणखणला. ताई हसत म्हणाली, "वाजला बघ तुझा रुसूबाई!"

करून पाहा: आईबाबांच्या फोनमध्ये आपोआप होणारी एक गोष्ट शोधा. तिची खूण कोणती ते वहीत लिहा. मग त्यांना विचारून ती खूण मुद्दाम घालवा, राउटर बंद करा किंवा लोकेशन बंद करा, आणि काय होतं ते पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बरं का! दोन बदलल्यात तर चोर सापडायचा नाही.