बीव्हर : नदीचा बिनपगारी कामगार

झेक प्रजासत्ताकात प्रागच्या नैऋत्येला ब्रदी नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. एकेकाळी तिथे लष्कराचा सराव चाले. सैनिकांनी खणलेल्या चरांतून पाणथळ जमिनीतले पाणी वाहून जाई. छोटे बांध घालून ते अडवावे, अशी योजना २०१८ मध्ये तयार झाली. पण जमिनीच्या परवानग्यांत ती अडकून पडली. २०२५ च्या सुरुवातीला बातमी आली की बांध तयार झाले आहेत! ना सिमेंट, ना मजूर. आठ बीव्हरांनी हे काम उरकले होते आणि सरकारचे सुमारे ३ कोटी क्राउन वाचले होते.

बीव्हर आपल्या देशात आढळत नाही, म्हणून आधी त्याची ओळख करून घेऊ. हा उंदीर-खारीसारखा कुरतडणारा, पण वीस-वीस किलो वजनाचा प्राणी. शेपटी वल्ह्यासारखी चपटी, दात नारिंगी आणि सतत वाढणारे. तो मासे खात नाही. झाडांची साल, पाला आणि पाणवनस्पती खातो. लांडगा-अस्वलापासून बचाव व्हावा म्हणून त्याच्या घराचे दार पाण्याखाली असते. दार बुडेल एवढे पाणी साठावे, यासाठीच तो फांद्या, दगड आणि चिखल रचून ओढा अडवतो.

'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा महाराष्ट्रात लहानथोरांना पाठ आहे. बीव्हर नेमके तेच करतो. पाण्याचा वेग मंदावतो, गाळ खाली बसतो, पाणी जमिनीत मुरते. तळ्यात बेडूक, चतुर, मासे वाढतात. त्यांच्यामागे पक्षी येतात. इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात ऑटर नदीवर पाच वर्षे अभ्यास झाला. एका गावाच्या वरच्या अंगाला बीव्हरांनी बांध घातल्यावर गावात येणाऱ्या पुराचा जोर कमी झाल्याचे तिथे दिसले. अमेरिकेच्या पश्चिम भागात वणवे पेटले, तेव्हा बीव्हरांच्या बांधांजवळच्या ओल्या पट्ट्यातील हिरवळ बऱ्याच अंशी टिकून राहिली.

अशा उपयोगी प्राण्याचे माणसाने काय केले? टोप्यांसाठी त्याची लोकर, अत्तर-औषधांसाठी त्याच्या ग्रंथींतील सुगंधी द्रव्य आणि खाण्यासाठी मांस, यापायी त्याची बेसुमार शिकार झाली. ब्रिटनमधून तो सुमारे ४०० वर्षांपूर्वी नाहीसा झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-आशियात मिळून जेमतेम १,२०० बीव्हर उरले होते. पुढे शिकारबंदी आली, अनेक देशांनी त्यांना पुन्हा नद्यांत सोडले आणि आज त्यांची संख्या दहा लाखांच्या वर गेली आहे. ब्रिटनमध्ये २००९ साली स्कॉटलंडच्या नॅपडेल भागात नॉर्वेहून आणलेले बीव्हर सोडण्यात आले. स्कॉटलंडने २०१९ मध्ये आणि इंग्लंडने २०२२ मध्ये त्यांना कायद्याचे संरक्षण दिले.

मात्र दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे. स्कॉटलंडच्या टे नदीच्या खोऱ्यात बीव्हरांच्या बांधांमुळे उभ्या पिकात पाणी शिरते. तिथे संरक्षण लागू झाल्यावरही परवाने देऊन बीव्हर मारले गेले. त्यांना परक्या मुलखात नेणे तर फार महागात पडते. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, टिएरा डेल फुएगो येथे १९४६ साली कातड्याच्या धंद्यासाठी कॅनडातून वीस बीव्हर नेले. तिथे त्यांना खाणारे लांडगे-अस्वले नव्हती आणि तिथली झाडे तोडल्यावर पुन्हा सहज फुटत नाहीत. जंगलाचे मोठे नुकसान झाले, आणि तो प्रश्न अजून सुटलेला नाही.

म्हणून आम्हाला वाटते की, बीव्हरला वाचवायचे ते त्याच्या मूळ मुलखात आणि तिथल्या शेतकऱ्याला सोबत घेऊन. उपाय अवघड नाहीत. बांधातून पाइप घातला की तळ्याची पातळी ठरावीक उंचीवर राहते. मोलाच्या झाडांच्या बुंध्यांना जाळी गुंडाळता येते. फारच त्रास होत असेल तर ते कुटुंब पकडून दुसऱ्या नदीवर नेता येते. यासाठी लागणारा पैसा एकट्या शेतकऱ्याच्या खिशातून जाऊ नये. पूर कमी झाल्याचा फायदा खालच्या अंगाच्या गावांना मिळतो, तर वरच्या शेतातील नुकसानीचा भारही सर्वांनी मिळून उचलायला हवा. तसे झाले तर शेतकरी बंदुकीचा परवाना मागायला जाणार नाही.