प्रवासात पोट बिघडलं, तर पाणी तोडू नका!

मैत्रिणींनो, यंदा मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पाचजणं नेपाळला जाऊन आलो. हे, मी, दोन्ही मुलं आणि सासूबाई. पशुपतिनाथाचं दर्शन घ्यायचं, ही सासूबाईंची कित्येक वर्षांची इच्छा. निघण्यापूर्वी आठ दिवस आमच्याकडे चकल्या, दशम्या, मेतकूट यांची धांदल चालली होती. औषधांच्या डब्याकडे मात्र कुणाचंच लक्ष नव्हतं. "नेपाळ म्हणजे काय परदेश? व्हिसा लागत नाही की काही नाही," असं हे म्हणाले आणि मीही मान डोलावली. पण परदेश तो परदेशच! तिथे आपले नेहमीचे डॉक्टर नसतात, औषधाच्या गोळ्यांची नावं वेगळी असतात, आणि रात्री-अपरात्री कुणाचं दार ठोठावायचं तेही ठाऊक नसतं.

काठमांडूहून पोखरा जेमतेम दोनशे किलोमीटर, पण घाटरस्त्यामुळे सबंध दिवस मोडतो. वाटेत जागोजागी सोललेल्या, उभ्या चिरलेल्या काकड्या विकायला असतात. सासूबाईंची नेमकी चतुर्थी होती. "काकडी उपवासाला चालते आणि उन्हात पोटाला थंड," म्हणून त्यांनी एक खाल्ली. काकडीचा काय दोष? पण ती कुठल्या पाण्यात धुतली आणि कुठल्या सुरीने चिरली, हे आपण बघितलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, "मी जरा पडते, तुम्ही फिरून या." आम्ही खुशाल फेवा तलावावर नावेत बसलो, फोटो काढले. दुपारी परतलो तर ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले, उठून बसल्या की घेरी येतेय. खोदून विचारलं तेव्हा कळलं, पहाटेपासून आठ वेळा ढाळ झाले होते आणि सकाळपासून पाण्याचा थेंब घेतलेला नव्हता. "प्यायलं की परत जावं लागतं गं. आणि उद्या मुक्तिनाथाला निघायचं, माझ्यामुळे सगळ्यांचा विरस कशाला?"

खरं सांगते, त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. चेहरा उतरलेला सकाळीच दिसला होता. मीच नीट विचारलं नाही.

हॉटेलच्या मालकीणबाईंनी मोडक्या हिंदीत चौकशी केली आणि "आमा, जीवन जल," म्हणत एक पाकीट आणून हातात ठेवलं. क्षार-साखरेच्या पुडीला नेपाळात याच नावाने ओळखतात. उकळून गार केलेल्या पाण्यात मी ती कालवली, तर सासूबाईंनी तोंड फिरवलं. "यात मीठ आहे. मला ब्लडप्रेशर, डॉक्टरांनी मीठ वर्ज्य सांगितलंय." आता काय करावं? शेवटी जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, "आमा, रोजच्या जेवणातलं मीठ वेगळं. हे तर अंगातून वाहून गेलेलं मीठ परत भरायचं आहे." प्रेशरच्या गोळ्यांत एक लघवी वाढवणारी होती. ती त्यांनी त्या दिवसापुरती थांबवली.

मग सुरू झाली आमची चमच्याची पाळी. दर दोन-तीन मिनिटांनी एकेक घोट. कधी मी, कधी हे, कधी आमची शाळकरी लेक. रात्री साडेदहाला सासूबाई लघवीला जाऊन आल्या, तेव्हा मला झालेला आनंद तुम्हाला सांगून खरा वाटणार नाही!

यात धडा कोणता? जुलाबापेक्षा जुलाबाबरोबर जाणारं पाणी आणि क्षार हा खरा धोका. लहान मुलं आणि म्हातारी माणसं यानेच हां-हां म्हणता खचतात. आणि "पोटाला विश्रांती" म्हणून आपण नेमकं पाणीच तोडतो. आतडं बिघडलेलं असलं तरी साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र आलं, की साखरेबरोबर मीठ आत शोषलं जातं आणि त्यामागून पाणीही. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडाने पाजायला सुरुवात केली. जिथे शंभरातले तीसएक रुग्ण दगावत होते, तिथे हे प्रमाण चाराच्याही खाली आलं. आणि हे पाणी पाजत कोण होतं? बहुतांशी रुग्णांचे नातेवाईकच! २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

तेव्हा परदेशी निघण्यापूर्वी एवढं जरूर करा.

ओ.आर.एस.ची पाच-सहा पाकिटं पर्समध्येच ठेवा, सामानाच्या पेटीत नकोत. काही पाकिटं १ लिटर पाण्यासाठी, तर काही २०० मिलिलिटरसाठी असतात. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घ्या, अंदाजपंचे नको. पाकीट नसलं तर १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चव अश्रूंहून खारट लागली तर ओतून द्या. कालवलेलं पाणी २४ तासांत संपवा. कोल्ड्रिंक, डब्यातला रस किंवा नुसतं ग्लुकोज याची जागा घेऊ शकत नाही. जास्त साखरेने जुलाब वाढतात.

दर जुलाबानंतर मोठ्या माणसाला एक-दोन पेले, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला अर्धा ते एक पेला, त्याहून लहानाला पाव ते अर्धा पेला. अंगावरचं दूध मुळीच तोडू नका. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने सुरू करा.

भूक लागली की मऊ भात, पेज, केळं, ताजं दही द्या. नेपाळात आजाऱ्याला 'जाउलो' देतात. म्हणजे आपली मऊसर खिचडीच! सासूबाईंनी वर मेतकूट घालून चवीने खाल्ली.

जुलाब थांबवणारी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. ताप किंवा रक्त पडत असेल तर ती घातक ठरते, आणि लहान मुलांना तर ती नाहीच. जंतुनाशक गोळ्यांचंही तेच. पूर्वी सर्रास घेतल्या जाणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिनला आपल्याकडचे पुष्कळ जंतू आता दाद देत नाहीत. निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घ्या. प्रेशर, मधुमेह, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर जुलाब लागल्यास कोणती गोळी थांबवायची आणि किती पाणी चालेल, तेही विचारून ठेवा.

शौचातून रक्त, जोराचा ताप, पोटात पाणी न ठरणं, सहा तास लघवी न होणं, घेरी किंवा गुंगी, यातलं एक जरी दिसलं तरी तडक डॉक्टर गाठा. नेपाळात रुग्णवाहिकेचा क्रमांक १०२ आहे. प्रवासाचा विमा 'जवळच तर जायचंय' म्हणून टाळू नका.

आणि पाणी? नळाचं नाही, बर्फ नाही. बाटलीचं झाकण आपल्या हाताने फोडायचं किंवा पाणी उकळून घ्यायचं. उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे. पण दोन हजार मीटरच्या वर पाणी कमी उष्णतेलाच उकळतं, तिथे तीन मिनिटं खळखळू द्या. नेपाळात 'उमालेको पानी' म्हटलं की उकळलेलं पाणी मिळतं. फळ आपण स्वतः सोलायचं.

मुक्तिनाथाचा बेत आम्ही रद्द केला. सासूबाई हळहळल्या, पण साडेतीन हजार मीटरच्याही वर, अशा अशक्तपणात त्यांना नेणं शहाणपणाचं नव्हतं.

शेवटी एकच सांगते. आपण बायका प्रवासात दोन गोष्टी हमखास करतो. स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून पाणी कमी पितो, आणि दुसऱ्याची मजा जाऊ नये म्हणून दुखणं लपवतो. तेव्हा सहलीत रोज सकाळी घरातल्या वडीलधाऱ्यांना नुसतं "बरं आहे ना?" असं विचारू नका. त्याला उत्तर "हो" असंच येतं. "पोट साफ झालं का, किती वेळा जाऊन आलात, पाणी किती प्यायलात?" असं स्पष्ट विचारा. पहिले दोन दिवस संकोच वाटेल. आमच्याकडे आता हा प्रश्न सासूबाईच सगळ्यांना विचारतात, अगदी ह्यांनासुद्धा!