प्रत्यारोपणाचे संशोधन कोणासाठी?

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १६ फेब्रुवारी १९६८ रोजी डॉ. पी. के. सेन यांनी भारतातील पहिले मानवी हृदय-प्रत्यारोपण केले. दक्षिण आफ्रिकेतील बर्नार्ड यांच्या जगातल्या पहिल्या शस्त्रक्रियेला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासांतच दगावला. शरीर परके हृदय स्वीकारते की नाकारते, हा प्रश्न उपस्थित होण्याइतकीही सवड मिळाली नाही. त्या धाडसामागे कुत्र्यांवर केलेले प्रयोग होते, आणि ते रुग्णालय महापालिकेचे, म्हणजे गिरणी कामगारांसह साऱ्या मुंबईकरांच्या पैशावर चालणारे होते. हे मुद्दाम सांगावे लागते. कारण प्रत्यारोपण म्हटले की आज पंचतारांकित रुग्णालयेच डोळ्यांसमोर येतात.

नकाराचा प्रश्न हाताळला गेला तोही प्राण्यांच्याच देहावर. १९५३ साली मेडावर व सहकाऱ्यांनी उंदराच्या गर्भात दुसऱ्या वाणाच्या उंदराच्या पेशी सोडल्या. वाढल्यावर त्या उंदराने त्या वाणाची कातडी आपली म्हणून स्वीकारली! माणसाच्या बाबतीत मात्र औषधांचा मार्ग धरावा लागला. अ‍ॅझाथायोप्रिन, पुढे सायक्लोस्पोरिन, ही आधी प्राण्यांवर तपासली गेली. ती शरीराला काही शिकवीत नाहीत, त्याची प्रतिकारशक्ती दडपतात; म्हणून गोळ्या जन्मभर.

घोटावडे-पिरंगुट भागात कंत्राटावर राबणाऱ्या मजुराला त्याची आई मूत्रपिंड देईल, शस्त्रक्रियेला सरकारी योजनेची मदतही मिळेल. पण पुढे दरमहा औषधे आणि रक्ततपासण्या यांचे काय? आणि काम सुटले तर?

प्राण्यांवरील प्रयोगांना विरोध करणारे मित्र आपल्या चळवळीतही आहेत. त्यांची वेदना खोटी नाही. १९६० च्या कायद्याची बंधने काटेकोरपणे पाळली गेलीच पाहिजेत. परंतु मुक्या जिवांचा बळी देऊन मिळविलेले ज्ञान औषधाच्या किमतीपाशी अडणार असेल, तर ती हिंसा दुप्पट होते, असे आम्हांस वाटते.

तेव्हा ही औषधे सरकारी रुग्णालयांतून आजन्म मोफत मिळालीच पाहिजेत. शिवाय गोळ्यांविना अवयव टिकविण्याच्या संशोधनास सार्वजनिक निधी हवा. रोजच्या गिऱ्हाइकावर जगणाऱ्या कंपन्यांकडून त्याची अपेक्षा कशी धरावी? मुळशीतील कार्यकर्त्यांनी गावोगावचे असे रुग्ण आणि त्यांचा मासिक औषधखर्च यांची यादी करून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांपुढे ठेवावी.