बटण हलवलं आणि काउंटरवर रांग लागली

आज जरा राग आहे, तो आधी काढून घेतो.

माझं स्टेशनरीचं दुकान सांगलीत आहे, हे तुम्हाला माहितीच आहे. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आदला रविवार म्हणजे आमची दिवाळी. त्याच दिवशी सकाळी काँप्युटर चालू केला, तर बिलिंग सॉफ्टवेअर रात्रीतून आपोआप अपडेट झालेलं. 'सेव्ह' होतं तिथं 'कॅन्सल' आलेलं. काउंटरवर आमचे दिवाणजी. वय बासष्ट, पण कीबोर्डकडे न बघता बिल करणारा माणूस. त्यांनी सवयीनं बटण दाबलं आणि वह्या, कंपास, दप्तर असं सगळं भरलेलं बिल गायब. दोनदा. बाहेर पायरीपर्यंत रांग. तिसऱ्यांदा त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "दादा, माझ्याच्यानं आता व्हायचं नाही. उद्यापासून एखादा पोरगा बसवा."

लोक म्हणतात, "शिका की, जग बदलतंय!" अहो, मीही क्लासमध्ये हेच सांगतो. पण इथं चूक दिवाणजींची नव्हतीच. मी उद्या वह्यांचं कपाट आणि रंगांचं कपाट रातोरात अदलाबदल केलं आणि वर गिऱ्हाइकालाच म्हटलं, "तुम्हाला सापडत नाही, तुम्ही जुन्या वळणाचे," तर तो दुसऱ्यांदा येईल का?

मोठ्या कंपन्यांनाही हे भोवलंय. मायक्रोसॉफ्टनं २०१२ मध्ये विंडोज ८ आणलं आणि डाव्या कोपऱ्यातलं स्टार्ट बटणच काढून टाकलं. जगभरातून ओरड झाली. २०१३ मध्ये ८.१ आलं, त्यात बटण परत! २०२१ मध्ये विंडोज ११ आलं, तर स्टार्ट कोपऱ्यातून मध्यभागी.

पण प्रत्येक बदल वाईट, असंही मी म्हणणार नाही. टॅलीचंच बघा. नोव्हेंबर २०२० मध्ये टॅली प्राइम आलं, तेव्हा ईआरपी ९ वर हात बसलेल्यांनी कपाळाला हात लावला. अकाउंटिंग व्हाउचर आणि इन्व्हेंटरी व्हाउचर असे दोन वेगळे रस्ते होते, ते एकाच 'व्हाउचर्स'मध्ये आले. प्रिंटसाठी ऑल्ट-पी होतं, आता समोरचा रिपोर्ट कंट्रोल-पीनं निघतो. माझ्या मते हा बदल बरोबर आहे. वर्ड, एक्सेल, ब्राउझर, सगळीकडे कंट्रोल-पीच आहे. नव्या पोराला हे एकदाच शिकवावं लागतं. पण क्रेडिट नोटचं कंट्रोल-एफ८ होतं, ते ऑल्ट-एफ६ झालं आणि डेबिट नोट ऑल्ट-एफ५ वर गेली. इथं जुन्या माणसाची बोटं अडखळणारच. बरं, रोजची बटणं त्यांनी हलवली नाहीत. पेमेंट एफ५, सेल्स एफ८, परचेस एफ९ तशीच राहिली. शिवाय ऑल्ट-जी दाबून हव्या त्या रिपोर्टचं नाव टाइप केलं की तिथं पोचता येतं. म्हणजे बदल करायचाच असेल तर निदान रोजची वाट तरी मोडू नका, एवढंच माझं म्हणणं.

आता तुमच्या कामाचं. सॉफ्टवेअर घेताना आपण किंमत विचारतो, जीएसटी रिटर्न निघतं का विचारतो. "अपडेट मला विचारून येणार की आपोआप?" हे मात्र कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं, माझीच चूक. आपोआप येणार असेल तर ते बंद करता येतं का ते बघा आणि सीझनमध्ये किंवा मार्चमध्ये अपडेटला हात लावू नका. आधी बॅकअप घ्यायचा, मग दुकान बंद झाल्यावर पाच-सहा खोटी बिलं करून बघायची. विंडोज ११ मध्ये स्टार्ट परत डावीकडं नेता येतं. टास्कबारवर राइट क्लिक, टास्कबार सेटिंग्ज, त्यात अलाइनमेंट 'लेफ्ट'. आणि राइट क्लिकचा जुना मेनू हवा असेल तर शिफ्ट दाबून राइट क्लिक करा.

दिवाणजी गेले नाहीत. त्या रात्री आम्ही दोघांनी एका पुठ्ठ्यावर डावीकडं जुनी बटणं आणि उजवीकडं नवी लिहून तो मॉनिटरशेजारी चिकटवला. परवा बघितलं तर त्यातल्या अकरा ओळींपैकी सात त्यांनी लाल पेननं खोडल्यात. उरलेल्या चारांना ते अजून शिव्या घालतात.