मनांत नव्हतें, पण तोंडांतून गेलें!

कचेरींत नवा कारकून रुजू होतो. चार दिवसांनीं शेजारचे गृहस्थ चहा पितां पितां म्हणतात, "तुमची भाषा किती शुद्ध हो! आडनावावरून वाटत नाहीं." गृहस्थांनीं स्तुति केली, आपण कांहीं वावगें बोललों हें त्यांच्या स्वप्नींहि नाहीं. परंतु त्या पोराच्या घशाखालीं चहा उतरत नाहीं. कारण त्या स्तुतीच्या पोटांत त्याच्या आईबापांची निंदा बसली आहे. त्यानें तसें बोलून दाखविलें, तर साऱ्यांचें उत्तर एकच: "अहो, त्यांच्या मनांत तसें नव्हतें!"

नसेल. पण म्हणून लागलेला शब्द लागला नाहीं काय? बाजारांत चुकून कोणाच्या पायावर पाय पडला, तर "मुद्दाम दिला नाहीं" म्हणून आपण वाद घालीत बसत नाहीं. पाय काढतों आणि माफी मागतों. जी रीत पायाला, ती जिभेला कां नसावी? महाराष्ट्र सरकारनें 2020 सालीं वस्त्यांचीं जातिवाचक नांवें बदलण्याचें ठरविलें. तीं नांवें उच्चारणाऱ्या प्रत्येकाच्या मनांत द्वेष होता थोडाच? तरी बदल हवाच होता.

हेतु पाहावा तो शिक्षेसाठीं. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यांत अनुसूचित जातिजमातींच्या माणसाचा लोकांदेखत केलेला अपमान गुन्हा ठरण्यास तो हेतुपुरस्सर असावा लागतो. तें योग्यच आहे. उलट कामाच्या ठिकाणीं स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 सालीं झालेला कायदा तें वागणें त्या बाईला नकोसें होतें काय, हें पाहतो. दहा किंवा अधिक माणसें कामास असतील तेथें त्यानें समिती सक्तीची केली, आणि तक्रार करणारीची इच्छा असेल तर समेटाची वाटहि ठेविली. मात्र पैसे देऊन समेट नाहीं. जातीवरून लागलेल्या शब्दाची दाद ही समिती घेत नाहीं. तेथें मालकांनीं आपण होऊन वाट काढावी.

ती वाट अवघड नाहीं. पहिल्या चुकीला कोणाच्या पोटावर पाय देऊं नये. भीतीनें तोंड मिटतें, मन बदलत नाहीं. एकीकडे बोलावून शब्द कोठें लागला तें स्पष्ट सांगावें. माफी मागवावी, पण "वाईट वाटलें असेल तर" अशी जर-तरची नको. शब्द चारचौघांत गेला असेल, आणि ज्याला लागला त्याची इच्छा असेल, तर माफीहि चारचौघांत. तक्रार करणाऱ्यास "फार हळवे बुवा तुम्ही" म्हणून दुसरा घाव घालूं नये, किंवा बढतीच्या वेळीं तिचा राग काढूं नये. आणि समजावल्यावरहि जो तेंच बोलेल, त्याचें "सहज" तेथेंच संपलें, पुढें शिक्षा.

वाचकहो, हा नियम केवळ दुसऱ्यांस लावूं नका. आपल्याहि तोंडीं आपल्याहून खालच्या मानलेल्या जातींवरच्या म्हणी आहेत, आणि त्या आपण हंसत बोलतों. जी ऐकून कोणाची मान खालीं जात नाहीं, तीच भाषा शुद्ध.