नोकरी करून गाणं

मंडळी, नातीने शास्त्रीय संगीतातच आयुष्य काढायचं ठरवल्यापासून आमच्या नातेवाइकांत दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, आधी सी.ए. हो, गाणं छंद म्हणून ठेव. दुसरा म्हणतो, नोकरीच्या मागे लागलीस की गाणं संपलंच, सगळं सोडून उडी घे! प्रत्येकाला फोनवर वेगळं उत्तर देण्यापेक्षा माझं मत इथेच लिहून टाकतो.

उडी घे म्हणणारे हमखास भीमसेनजींचं उदाहरण देतात. १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी त्यांनी गुरूच्या शोधात घर सोडलं, हे खरंच आहे. पण गोष्ट तिथेच थांबवू नये. पुढे कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिक्षण झालं आणि उमेदीच्या काळात त्यांनी रेडिओवर कलाकार म्हणून कामही केलं. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाड आकाशवाणीवर संगीत सल्लागार होते. प्रभाताई अत्रे विज्ञान आणि कायदा अशा दोन्ही विषयांच्या पदवीधर. त्यांनी आकाशवाणीत नोकरी केली, नंतर एसएनडीटी विद्यापीठाचा संगीत विभाग सांभाळला. वसंतराव देशपांडे तर कितीतरी वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरीला होते.

यांपैकी कुणाचं गाणं पगारामुळे पातळ झालं, असं म्हणायची कुणाची छाती आहे? उलट महिन्याच्या एक तारखेची शाश्वती असली, की नको त्या कार्यक्रमाला 'नाही' म्हणता येतं. केवळ बिदागीवर घर चालवणाऱ्याला समोरून फर्माईश येईल ते गावं लागतं.

पण म्हणून सी.ए.वाल्या पक्षाने लगेच खूश होऊ नये. गळ्याला सकाळचा निवांत वेळ लागतो, तोही रोज. रात्री नऊला ऑफिसातून परतणारी मुलगी पहाटे तंबोरा घेऊन किती दिवस बसेल? वसंतरावांनीही चाळिशी उलटल्यावर नोकरी सोडलीच. १९६७ साली रंगभूमीवर आलेलं 'कट्यार काळजात घुसली' हे त्यानंतरचं. तेव्हा प्रश्न नोकरी करावी की नाही हा नसून, कोणती करावी हा आहे. पगार थोडा कमी असला तरी चालेल, पण सकाळ आपली राहिली पाहिजे. शाळा-कॉलेजात संगीत शिकवणं, घरी शिकवण्या घेणं, पेटीची साथ करणं, ही सगळी गाण्याच्या अंगणातलीच कामं आहेत. त्यांना कमी लेखायचं कारण नाही.

आणखी एक. 'विशारद झाली की झालं' अशी एक समजूत आहे. १९३१ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांनी संगीत घराघरांत नेलं, हे ऋण मोठंच. पण विशारदचं प्रमाणपत्र म्हणजे मैफल नव्हे. मी जन्मभर परीक्षाच घेतल्या, त्यामुळे कागदावरच्या गुणांची मर्यादा मला चांगली ठाऊक आहे. गुरूसमोर बसून एकच राग महिनोन् महिने घोटावा लागतो, त्याला पर्याय नाही.

आता थोडं आपल्याविषयी. पोरीने काय करावं हे आपण सगळे हिरिरीने सांगतो. पण आपल्यापैकी कितीजण तिकीट काढून गाण्याला जातात? पाहुण्यांचे पास कुठे मिळतील याचीच चौकशी जास्त. मुंजीत, साठीशांतीला केटररला आगाऊ पैसे देतो आणि गाणाऱ्याला मात्र 'घरचंच कार्य आहे' म्हणून नारळ नि शाल! तबलजीला तर कधीकधी रिक्षाभाडंही विचारत नाही.

गाण्यावर पोट भरेल का, हा प्रश्न आपण नेहमी गाणाऱ्यालाच विचारतो. त्याचं निम्मं उत्तर ऐकणाऱ्यांच्या खिशात असतं, असं मला वाटतं.

असो. ज्यांना पटलं नसेल त्यांनी जरूर भांडावं.