ठिगळ लावण्याचा अधिकार

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या संगणक-प्रणालीची नियमित सुरक्षा-दुरुस्ती बंद केली. काही ग्राहकांना मर्यादित मुदतवाढ मिळाली, तीही कंपनीच्या अटींवर. नव्या विंडोज ११ च्या अटींत साधारणतः २०१८ पूर्वीचे बहुतेक संगणक बसत नाहीत. अहिल्यानगर जिल्ह्यातील ज्या शाळेत, पतसंस्थेत वा विकास सोसायटीत असा संगणक असेल, तेथील मुख्याध्यापकापुढे वा सचिवापुढे प्रश्न उभा आहे : चालते यंत्र भंगारात घालावयाचे काय?

नवे यंत्र स्वस्त वा सरस झाले म्हणजे जुन्याचे मोल घटते. मार्क्सने यास यंत्राचा 'नैतिक घसारा' म्हटले. येथे तोही प्रकार नाही. यंत्र झिजलेले नाही, त्याचे काम संपलेले नाही. दूरदेशीच्या एका मालकाने परिपत्रक काढले आणि येथील मालमत्ता निकालात निघाली. खरेदीची पावती संस्थेच्या नावाची, यंत्राचे आयुष्य ठरविणारा मात्र दुसरा, अशी ही मालकी आहे.

यावर तोड उपलब्ध आहे. लिनक्स ही मुक्त प्रणाली पेनड्राइव्हवर घेऊन तीवरूनच जुना संगणक सुरू करता येतो. आतील डिस्कला हातही लावावा लागत नाही. आज ही गोष्ट किरकोळ वाटते. पूर्वी ती तशी नव्हती, आणि ती कशी साध्य झाली हे कार्यकर्त्यांनी समजून घेण्याजोगे आहे. लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, संगणकाच्या स्मृतीत उतरला की आपली उर्वरित प्रणाली कोठे साठविली आहे ते शोधू लागतो. यूएसबीला जोडलेल्या साधनाला आपली ओळख पटवून देण्यास काही सेकंद लागतात. गाभ्याला तेवढी उसंत नसे. पेनड्राइव्ह जागा होण्यापूर्वीच तो शोध आटोपून, मूळ सापडत नाही म्हणून, ठप्प होई. ज्यांची अडचण होती त्यांनीच गाभ्याची मूळ आज्ञावली उघडली, 'थांब व पुन्हा पाहा' एवढ्या अर्थाच्या मोजक्या ओळी तीत घातल्या आणि ते ठिगळ (त्या व्यवसायात त्यास पॅच म्हणतात) एकमेकांस दिले. पुढे 'रूटवेट' या नावाने तशी सोय अधिकृत गाभ्यातच आली. विंडोजच्या ग्राहकाला असे काही करणे अशक्यच आहे. मूळ आज्ञावली त्याच्या हाती दिलेलीच नसते.

या व्यवहारास कायद्याचा आधार आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त प्रणाली घडविण्याची घोषणा केली व पुढे जीपीएल हा परवाना रचला. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला लिनक्सचा गाभा १९९२ मध्ये या परवान्याखाली आला. आज्ञावली वाचावी, बदलावी, वाटावी. मात्र बदललेली प्रत दुसऱ्यास देणाऱ्याने आपला बदलही खुला केला पाहिजे, ही त्यातील अट. सामाईक धनात भर घालता येते, त्याभोवती खासगी कुंपण घालता येत नाही.

प्रवराकाठच्या वाचकाला हे तत्त्व परके वाटू नये. खासगी कारखानदारी डोळ्यांसमोर असताना विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने लोणी येथे सहकारी साखर कारखाना उभारला आणि १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला हंगाम झाला. उत्पादनाचे साधन उत्पादकांच्या ताब्यात असावे, एवढाच त्यामागील विचार होता. सहकाराचे पुढे महाराष्ट्रात अनेक ठिकाणी काय झाले हेही सर्वांनी पाहिले आहे : सभासदत्व उरले, निर्णय मोजक्या घराण्यांकडे गेले. लिनक्सलाही हा धोका चुकलेला नाही. त्याच्या गाभ्यात आज भर घालणारे बहुसंख्य तंत्रज्ञ मोठ्या कंपन्यांचे पगारी नोकर आहेत. परवान्याने अधिकार मिळतो. तो बजावण्याइतके ज्ञान तालुक्याच्या गावी असणे ही निराळी बाब आहे. केरळने शाळांत मुक्त प्रणाली आणली तेव्हा शिक्षकांनाच तिचे शिक्षण दिले, म्हणून ती तेथे रुजली.

केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. सी-डॅकने भारतीय भाषांसह वापरता येणारी 'बॉस' ही लिनक्स प्रणाली तयार केली आहे. २०२२ मध्ये ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. एवढा सार्वजनिक पैसा यंत्रांवर खर्च होत असता सोसायटीच्या सभासदांनी वार्षिक सभेत विचारले पाहिजे की, यंत्रावरील प्रणाली कोणाची आणि ती दुरुस्त करण्याचा अधिकार कोणास? तसेच कोणताही संगणक निर्लेखित करण्यापूर्वी तो पेनड्राइव्हवरील लिनक्सने चालवून पाहावा, असा ठराव पक्षाच्या तालुका शाखांनी ग्रामसभांत व शाळा व्यवस्थापन समित्यांत मांडावा. अडचणी आहेत. केवळ विंडोजवर चालणारी हिशेबाची आज्ञावली व युनिकोडपूर्व फॉन्टमधील जुनी मराठी कागदपत्रे सहजासहजी स्थलांतरित होत नाहीत. म्हणून हिशेबाची यंत्रे तूर्त बाजूस ठेवावी आणि आरंभ शाळांच्या संगणक-कक्षांपासून करावा.